नळीची लांबी आणि दारूचे माप

बेळगावाहून नैऋत्येस निघालेली वाट जांबोटीवरून कणकुंबीस जाते आणि तेथून चोर्ल्याच्या घाटाने गोव्यात उतरते. सह्याद्रीच्या माथ्यावरचा हा मुलूख पाण्याचा आणि रानाचा आहे. कणकुंबीस मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत जाऊन कृष्णेस मिळते. भीमगडाच्या परिसरात उगम पावलेली म्हादई मात्र पश्चिमेची वाट धरून समुद्र गाठते. चार महिने कोसळणारा पाऊस, दाट जंगल, जंगलाच्या कडेची भाताची खाचरे आणि त्यांवर उतरणारे रानडुकरांचे कळप, यांमुळे या बाजूच्या शेतकऱ्याचा बंदुकीशी संबंध फार जुना आहे. ही बंदूक म्हणजे लष्करी रायफल नव्हे. दारू, चिंधी आणि गोळी किंवा छरे तोंडातून घालून गजाने ठासायची आणि मग उडवायची, अशी ती ठासणीची बंदूक. तिच्याविषयी खेडोपाडी एक समजूत रूढ आहे : जितकी नळी लांब, तितका मारा लांब.

ही समजूत खोटी म्हणता येत नाही. पण ती पुरतेपणी खरीही नाही. तिच्यात सत्य किती आणि भ्रम किती, हे पाहू गेल्यास एक विलक्षण ऐतिहासिक प्रश्न पुढे उभा राहतो. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत या देशातील बरकंदाजांच्या हाती असलेल्या तोड्याच्या बंदुकांच्या नळ्या पुष्कळदा कंपनीच्या शिपायांच्या बंदुकांहून लांब होत्या. लांब नळीने गोळीस वेग अधिक मिळतो, हे तत्त्व खरे मानले, तर आखूड नळीवाल्यांची सरशी व्हावी कशी? या प्रश्नाचे उत्तर शौर्याच्या किंवा फितुरीच्या कथांत शोधण्याची आपल्याकडे रीत आहे. त्याचा एक मोठा भाग मात्र दारूच्या मापात आणि नळीच्या पोकळीत दडलेला आहे.

बंदुकीची विद्या या मुलखात कशी वाढली, हे प्रथम पाहिले पाहिजे. अफोंसो द अल्बुकर्कने १५१० साली गोवे घेतले, तेव्हा तेथे बंदुका घडविणारे कुशल कारागीर त्याला आढळले. पोर्तुगालच्या राजाला १५१३ साली लिहिलेल्या पत्रात त्याने या कारागिरांच्या कामाची तुलना बोहेमियातील बंदुकांशी केली. आणि बोहेमिया हा त्या काळच्या युरोपातील नामांकित बंदूककारांचा देश होता. अर्थात ही विद्या केवळ परक्यांनी आणून दिली असे म्हणणे युक्त नव्हे. देशी आणि पोर्तुगीज कारागिरीचा गोव्यात मिलाफ झाला, एवढे निश्चित. मराठीतील काडतूस आणि पिस्तूल हे शब्द पोर्तुगीजांच्या सहवासाची साक्ष आजही देतात. रंजक, तोडा, गज, चाप, कान हे बंदुकीच्या अंगोपांगांचे शब्द मात्र आपल्या लोकांनी आपल्याच बोलीत रुळविले.

तोड्याची बंदूक उडविण्याची क्रिया मोठी सावकाशीची होती. शिंगड्यातून दारू ओतावयाची, गोळी सोडावयाची, गजाने ठासावयाचे, कानाशी रंजक घालावयाची, पेटत्या तोड्यावरची राख फुंकून टाकावयाची आणि मग चाप ओढून तो तोडा रंजकेवर टेकवावयाचा. रंजक पेटली म्हणजे तिची ज्वाळा कानातून आत शिरे आणि मुख्य बार पेट घेई. यांपैकी प्रत्येक पायरीवर चूक होण्यास वाव होता. रंजक उडे आणि बार तसाच राही. दारू अधिक पडली तर खांद्यास धक्का बसे किंवा नळीच फुटे. कमी पडली तर गोळी समोरच्या झाडापर्यंतही न पोहोचता खाली पडे. बार भरणारा हात जितका स्थिर, तितकीच बंदूक विश्वासाची.

नळी फुटण्याचे भय किती खरे होते, याची कल्पना अबुल फज्लच्या ‘आईन-ए-अकबरी’वरून येते. लोखंडाचा पत्रा वाकवून त्याच्या दोन कडा लांबीच्या रेषेत जोडण्याची जुनी पद्धत धोक्याची होती, असे तो सांगतो. अकबराच्या कारखान्यात पत्रा कागदाच्या सुरळीप्रमाणे एकावर एक पदर येईल असा गुंडाळून तापवून ठोकू लागले. त्यामुळे पूर्वी नळीचा चतुर्थांशच भाग दारूने भरता येत असे, तेथे तोंडापर्यंत भरून उडविली तरी फुटणार नाही अशी नळी सिद्ध झाली, असे त्याचे म्हणणे आहे. दरबारी लेखकाची अतिशयोक्ती यात काही असेल ती असो. अधिक वेग पाहिजे असेल तर अधिक दारू पाहिजे, आणि अधिक दारू पाहिजे असेल तर ती सोसणारी नळी पाहिजे, हे सूत्र त्या काळच्या कारागिरास पक्के ठाऊक होते, इतके त्यावरून खचित ठरते.

दारूची उस्तवार हा तितकाच महत्त्वाचा विषय होता. काळ्या दारूत सुमारे तीन चतुर्थांश भाग सोरा असतो. उरलेल्यात कोळसा आणि गंधक. कोळसा हलक्या लाकडाचा लागतो आणि आपल्याकडे त्यासाठी तुरीच्या काट्यांचा उपयोग करीत. सोरा नीट शुद्ध केलेला नसला तर त्यातील इतर क्षार हवेतील ओल शोषून घेतात. जांबोटी-कणकुंबीसारख्या पावसाळी मुलखात हा दोष प्राणघातक ठरे. ओलसर दारू मंद जळते आणि गोळीस पुरता रेटा मिळत नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त गडावरील दारूखान्याविषयी जी सूचना आहे, तिचे मर्म येथे कळते. दारूखाना घरांपासून दूर असावा आणि हवालदाराने आठ-पंधरा दिवसांनी दारू बाहेर काढून, तिला ऊन देऊन, पुन्हा मोहोर करून ठेवावी, अशी ती सूचना. अमात्यांची जहागीर बावड्याची, म्हणजे याच सह्याद्रीच्या ओळीतली. पावसाळ्यात दारूची काय गत होते हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती.

आता मूळ प्रश्नाकडे वळावयाचे. नळीच्या लांबीने गोळीचा वेग वाढतो कसा? दारू पेटली म्हणजे तिचा वायू होतो आणि तो वायू पसरू पाहतो. नळीत असेतोपर्यंत तो गोळीस मागून सारखा रेटीत असतो. नळी लांब असली की रेटा अधिक वेळ मिळतो आणि वेग वाढत जातो. परंतु गोळी जसजशी पुढे सरकते, तसतशी तिच्यामागची पोकळी वाढते आणि वायूचा दाब झपाट्याने उतरतो. म्हणून नळीच्या पहिल्या काही इंचांत गोळीस जो लाभ होतो, तो शेवटच्या इंचांत होत नाही. शेवटी अशी एक मर्यादा येते की तेथे वायूचा उरलेला रेटा आणि नळीचे घर्षण यांची बरोबरी होते. त्यापुढे नळी वाढविली तर वेग वाढण्याऐवजी घटू लागतो. बावीस बोराच्या छोट्या रायफलीत ही मर्यादा सोळा ते अठरा इंचांच्या आसपासच गाठली जाते. तिच्या काडतुसात दारूच इतकी थोडी असते.

ही गोष्ट अनुमानाने सांगणारे पुष्कळ होते. ती मोजून दाखविणारा पहिला मोठा शास्त्रज्ञ म्हणजे इंग्लंडचा बेंजामिन रॉबिन्स. १७४२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याने गोळीचा वेग मोजण्याची युक्ती मांडली. एक जड लाकडी ठोकळा लंबकासारखा टांगावयाचा, त्यावर गोळी झाडावयाची आणि ठोकळा किती मागे झुलला हे त्यास बांधलेल्या फितीवरून पाहावयाचे. गोळीचे वजन आणि ठोकळ्याचे वजन ठाऊक असले की वेगाचा हिशेब निघतो. सेकंदाच्या लहानशा अंशात दिसेनाशी होणारी गोळी अशा रीतीने प्रथमच गणिताच्या तावडीत सापडली. त्या काळच्या बंदुकीच्या गोळीचा नळीबाहेर पडतानाचा वेग सेकंदाला १,६०० ते १,७०० फुटांच्या घरात असल्याचे त्याने दाखविले. तितकेच महत्त्वाचे त्याचे दुसरे निरीक्षण होते : हवेचा विरोध त्या काळचे पंडित समजत होते त्याहून कितीतरी अधिक असतो आणि ध्वनीच्या वेगाच्या आसपास तो एकदम वाढतो. म्हणजे वाटोळ्या गोळीस नळीने दिलेला जादा वेग हवा थोड्याच अंतरात हिरावून घेते.

या रॉबिन्सचा शेवट हिंदुस्थानात झाला, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या किल्ल्यांची तटबंदी सुधारण्यासाठी त्याला मुख्य अभियंता म्हणून येथे धाडले आणि २९ जुलै १७५१ रोजी कडलूरनजीकच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे ज्वराने त्याचा अंत झाला. गोळीचा वेग मोजणारा पहिला गणिती कंपनीच्या चाकरीत असावा, हा योगायोग सूचक आहे. ज्या व्यापारी संस्थेने पुढे हा देश जिंकला, तिला मोजमापाची किंमत कळत होती.

रॉबिन्सनंतर चार्ल्स हटन या गणितज्ञाने वुलिच येथे तोफांवर दीर्घकाळ प्रयोग केले. नळीची लांबी आणि गोळ्याचा वेग यांचे नाते त्याने नेमके बांधून दिले. वेग लांबीच्या वर्गमूळाहून कमी आणि घनमूळाहून अधिक अशा प्रमाणात वाढतो. जवळजवळ त्या दोहोंच्या मध्यावर. साध्या भाषेत सांगावयाचे तर नळी दुप्पट केली तर वेग दुप्पट होत नाही. तो एक तृतीयांशाच्या सुमाराने वाढतो. वजन मात्र दुप्पट होते, आणि ते खांद्यावर घेऊन घाट चढावा लागतो.

हे गणित हाती घेऊन कंपनीच्या बंदुकीकडे पाहिले म्हणजे तिचे रहस्य उलगडते. ब्रिटिश पायदळाच्या जुन्या बंदुकीची नळी ४६ इंच लांब होती. पुढे ती ४२ इंचांची झाली. कंपनीने आपल्या फौजांसाठी जी स्वस्त आणि सुटसुटीत बंदूक करविली, तिची नळी ३९ इंचांची होती. तिचे नावच ‘इंडिया पॅटर्न’ असे पडले. फ्रान्सशी युद्ध जुंपल्यावर ब्रिटनला बंदुकांचा तुटवडा भासू लागला आणि १७९७ पासून खुद्द ब्रिटिश लष्कराने हाच नमुना पत्करला. हिंदुस्थानासाठी आखूड केलेल्या नळीने पुढे नेपोलियनशी झुंज दिली, असे म्हणावयास हरकत नाही. ४६ इंचांवरून ३९ इंचांवर येताना नळी शेकडा १५ ने आखूड झाली. हटनचा नियम तिला लावून पाहिला तर वेग शेकडा सहा-सात इतकाच घटतो. इतक्या नुकसानीच्या बदल्यात बंदूक हलकी झाली, स्वस्त झाली आणि भरण्यास सोपी झाली. कंपनीने हा सौदा डोळे उघडे ठेवून केला होता.

तरी वेगाची हानी ती हानीच. आणि लांब नळीची देशी बंदूक एका नेमबाजाच्या हाती अधिक दूरवर मारा करी, हेही असत्य नाही. पहिल्या अफगाण युद्धात, १८३९ ते १८४२ या काळात, डोंगरकपारीत दबा धरून बसलेल्या पठाणांच्या लांब नळीच्या जेजालांनी कंपनीच्या पलटणींस त्यांच्या बंदुकांच्या टप्प्याबाहेरून टिपले, हे सर्वश्रुत आहे. जेजालवाला स्वतःच्या बंदुकीस बसेल अशी गोळी स्वतः ओती, दारू स्वतः पारखून घेई, आणि शांतपणे नेम धरी. एका माणसाची एका बंदुकीशी जन्माची ओळख असे. अशा युद्धात लांब नळीचा लाभ पुरेपूर मिळतो.

परंतु मैदानातील लढाईचे गणित निराळे होते. तेथे एका हातात एक उत्तम बंदूक असून भागत नाही. हजार हातांत सारख्या हजार बंदुका लागतात. कंपनीच्या प्रत्येक बंदुकीची पोकळी पाऊण इंचाची. गोळी त्याहून सुमारे सहा शतांश इंचाने लहान. ही फट ठेवण्याचे कारण असे की काळी दारू जळल्यावर वजनाने निम्म्याहून अधिक भाग घन राखेच्या रूपाने मागे राहतो आणि नळीत मळ साचत जातो. घट्ट बसणारी गोळी चार-सहा बारांनंतर खाली उतरेनाशी होते. फटीतून वायू निसटतो आणि वेग कमी होतो खरा. पण विसावा बारही पहिल्यासारखाच भरता येतो. शिवाय शिपायाच्या कमरपेटीत कागदी काडतुसे असत आणि प्रत्येकात दारखान्यात तोलून घातलेली दारू व एक गोळी. त्याने कागद दातांनी फाडावा, थोडी रंजक घालावी, उरलेले नळीत ओतून ठासावे आणि बार काढावा. मिनिटास दोन-तीन बार निघत. प्रत्येक गोळीचा वेग मागच्या गोळीच्या वेगाशी बव्हंशी जुळे. तो वेग सर्वांत मोठा नसे; पण तो भरवशाचा असे.

मराठ्यांना हे कळले नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणी १७६१ साली पानिपतावर लढल्या. महादजी शिंद्यांनी द बॉइनच्या हाताखाली नव्या पलटणी उभारल्या आणि आग्र्यास सँगस्टर नावाच्या स्कॉच कारागिराच्या देखरेखीखाली तोफा व बंदुका घडविण्याचे काम चालविले. पण त्याच फौजेत चकमकीच्या बंदुकांच्या पलटणींबरोबर तोड्याच्या बंदुकांच्या पलटणीही होत्या. दोहोंची गोळी निराळी, बार निराळा, भरण्याची रीतही निराळी. १८०३ च्या असई-लासवारीच्या लढायांत या पलटणी ज्या जिद्दीने लढल्या, तिची वाखाणणी शत्रूनेही केली. मात्र कारखाना, दारखाना आणि कवायत यांची अखंड साखळी शिंद्यांच्या मागे नव्हती. ती एका कर्तबगार पुरुषाच्या आयुष्याइतकीच टिकली.

हाच प्रसंग पुढे दक्षिणेत घडला. १८१८ च्या मार्च-एप्रिलात सर टॉमस मन्रोने बेळगावच्या किल्ल्यास वेढा दिला आणि सुमारे तीन आठवड्यांनी किल्ला त्याच्या हाती पडला. सहा वर्षांनी कित्तूरच्या राणी चन्नम्माच्या लोकांनी त्या विजयास जबर उत्तर दिले. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी किल्ल्याच्या दाराशी झालेल्या चकमकीत धारवाडचा कलेक्टर थॅकरे गोळी लागून ठार झाला. जवळून आणि नेम धरून झाडलेल्या देशी बंदुकीत काय सामर्थ्य असते, ते त्या दिवशी दिसले. पण डिसेंबरात कंपनी मोठी फौज व तोफा घेऊन परतली आणि कित्तूर पडले. त्यानंतर संगोळ्ळी रायण्णाने याच डोंगर-जंगलाच्या आश्रयाने बंड चालविले. २६ जानेवारी १८३१ रोजी त्याला नंदगड येथे फाशी देण्यात आले. नंदगड आणि जांबोटी ही दोन्ही गावे आज एकाच खानापूर तालुक्यात आहेत.

१८५० नंतर बंदुकीच्या इतिहासाने मोठे वळण घेतले. नळीच्या आत सर्पिल आटे पाडले तर गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ जाते, हे पूर्वीपासून ठाऊक होते. आट्यांच्या नळीचे मर्म जे राष्ट्र प्रथम ओळखील ते इतरांवर मात करील, असे भाकीत रॉबिन्सने शंभर वर्षांपूर्वीच करून ठेवले होते. अडचण होती ती भरण्याची. आट्यांत रुतणारी गोळी तोंडातून ठोकून घालण्यास फार वेळ लागे. फ्रेंच अधिकारी मिनिए याने ही अडचण सोडविली. त्याची लांबट गोळी नळीत सहज उतरे. बार उडताच तिचा पोकळ बूड फुगे आणि आट्यांत घट्ट बसे. १८५३ ची एन्फील्ड रायफल या तत्त्वावर बनली. तिची नळी किती लांब होती? बरोबर ३९ इंच, म्हणजे ‘इंडिया पॅटर्न’ इतकीच. तिच्या बारात दारू जुन्या बंदुकीहून कमी होती. गोळीचा आरंभीचा वेगही कमी होता. तरी तिचा नेमका मारा जुन्या बंदुकीच्या अनेकपट दूर जाई. कारण फट बुजली, वायूचा निसटणारा रेटा वाचला, आणि टोकदार जड गोळी हवेस कमी दबली. लांब नळी म्हणजे लांब मारा, या समजुतीस याहून समर्पक उत्तर दुसरे नाही.

याच एन्फील्डच्या काडतुसास लावलेल्या चरबीने १८५७ चा वणवा पेटविला. ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरात सत्ताविसाव्या पलटणीने बंड केले. त्याच वर्षी सरकारने शस्त्रबंदीचा कायदा लागू केला आणि नोव्हेंबरात मुधोळ संस्थानातील हलगलीच्या बेडरांनी आपली हत्यारे देण्यास नकार दिला. हत्यार हा त्यांच्या घराण्याचा मान होता आणि पोटाचे साधनही. इंग्रज फौजेने गाव उद्ध्वस्त केले आणि अनेकांस फाशी दिले.

त्यानंतर राज्यकर्त्यांनी जे केले, ते बंदुकीच्या इतिहासातील एक विचित्र प्रकरण आहे. हिंदी शिपायांसाठी एन्फील्डच्या धर्तीच्याच, पण आटे नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुका मुद्दाम करविण्यात आल्या. बाहेरून रायफल, आतून साधी नळी. जगभर बंदूककार गोळी अधिक दूर आणि अधिक नेमकी कशी जाईल याचा ध्यास घेत असताना येथे ती जाऊ नये अशी योजना झाली. पुढे कित्येक वर्षे गोऱ्या पलटणींस नवे हत्यार मिळाले म्हणजे जुने हिंदी पलटणींच्या वाट्यास येई. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने सामान्य माणसाच्या हातची बंदूक परवान्याखाली आली. या कायद्याविरुद्ध १८८७ च्या मद्रास काँग्रेसमध्ये ठराव झाला. कायद्याने शस्त्र गेले. त्याबरोबर गावोगावच्या कारागिरांची विद्याही खुंटली. मोजमापाच्या शास्त्राशी तिची गाठ पडण्याची वेळ आली होती, नेमकी तेव्हाच तिची वाट बंद झाली.

१८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने धूरविरहित दारू शोधून काढली आणि काळ्या दारूचे सहाशे वर्षांचे राज्य संपले. नवी दारू जळून जवळजवळ सर्वस्वी वायुरूप होते. तिच्या कणांचा आकार बदलून ती किती वेगाने जळावी हे ठरविता येते. इंग्रजांनी १८८९ मध्ये कॉर्डाइट तयार केले. पुण्याजवळ खडकी येथे १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना होताच. विसाव्या शतकाच्या आरंभी निलगिरीत अरुवनकाडू येथे कॉर्डाइटचा आणि बंगालमध्ये ईशापूर येथे रायफलींचा कारखाना निघाला. याच सुमारास ली-एन्फील्ड रायफलीची नळी ३०.२ इंचांवरून २५.२ इंचांवर आणली गेली, म्हणजे पायदळास आणि घोडदळास एकच रायफल पुरेल. पाच इंच कापले म्हणून विलायतेतील नेमबाजांनी पुष्कळ आरडाओरड केली. पण १९१० मध्ये आलेल्या टोकदार, हलक्या गोळीच्या काडतुसाने सेकंदास २,४४० फुटांचा वेग दिला. जुन्या बोथट व जड गोळीचा वेग २,००० फुटांच्या आसपास होता. नळी आखूड झाली आणि वेग वाढला. कारण काडतूस बदलले.

हीच रायफल घेऊन भारतीय जवान दोन महायुद्धांत लढले आणि १९६२ साली हिमालयातही त्यांच्या हाती बव्हंशी तीच होती. बेळगाव १९२२ पासून मराठा पलटणींच्या शिक्षणाचे केंद्र आहे. तेथून बाहेर पडलेल्या जवानांच्या पिढ्यांनी तिच्यावरच नेम साधला. त्यानंतर २१ इंच नळीची सेल्फ-लोडिंग रायफल आली, आणि १९९० नंतर ४६४ मिलिमीटर, म्हणजे सव्वाअठरा इंचांची नळी असलेली इन्सास. जळगाव जिल्ह्यात वरणगाव येथे १९६४ साली लहान हत्यारांच्या काडतुसांचा कारखाना निघाला. २०२१ मध्ये सरकारी शस्त्रनिर्मिती कारखान्यांच्या कंपन्या करण्यात आल्या, तेव्हा दारूगोळा बनविणाऱ्या कंपनीचे मुख्य ठाणे पुण्यासच राहिले. ४६ इंचांवरून सव्वाअठरा इंच, असा हा अडीचशे वर्षांचा प्रवास आहे. या प्रवासात नळी निम्म्याहून लहान झाली आणि गोळीचा वेग दीडपटीहून अधिक झाला.

यावरून नळीच्या लांबीस काही किंमत नाही, असा निष्कर्ष मात्र काढू नये. एकाच काडतुसापुरते पाहिले तर आजही नळीचा एकेक इंच कमी केला की रायफलीच्या गोळीचा वेग सेकंदास साधारण वीस ते तीस फुटांनी उतरतो. म्हणून ज्या देशांत नेमबाज कायद्याने स्वतःची काडतुसे स्वतः भरू शकतात, तेथे ते दारूचा प्रत्येक बार तराजूवर तोलतात आणि प्रत्येक गोळीचा वेग यंत्राने मोजतात. त्यांना सर्वांत मोठा वेग हवा असतो असे नाही. दहा गोळ्यांचा वेग एकसारखा यावा, याची ते खटपट करीत असतात. नळी लांब असो की आखूड, वेगात चढउतार झाला की लांबच्या निशाणावर गोळी वरखाली लागते. उन्हात तापलेले काडतूस आणि सावलीतले काडतूस यांच्या वेगातही फरक पडतो. कंपनीच्या दारखान्यात कागदी काडतुसे भरणारा कारकून आणि हे आजचे नेमबाज एकाच तत्त्वाचे उपासक आहेत.

जांबोटीच्या आसमंतातील ठासणीच्या बंदुकीस हे तत्त्व लागू नाही असे नाही. १९७२ च्या कायद्याने शिकारीस बंदी झाली आणि २०११ साली भीमगडचे जंगल अभयारण्य म्हणून जाहीर झाले. बंदूक आता परवान्याने, पिकाच्या राखणीपुरती; आणि राखणीत बहुधा आवाजच कामास येतो. डुकरांचा कळप पळवून लावण्यास गोळीच्या वेगाची गरज नसते. तेथे नळी दोन वीत लांब आहे की चार, याने काही बिघडत नाही. बिघडते ते अंदाजाने ओतलेल्या दारूने, आणि आतून गंज खाल्लेल्या नळीने. पावसाळी मुलखात हा गंज लवकर चढतो आणि बाहेरून दिसत नाही. दारू मुठीने घालणाऱ्याची बोटे आणि डोळे किती वेळा त्या मुठीने घेतले असतील, त्याचा हिशेब कोणत्याही बखरीत लिहिलेला नाही.

इतिहासाकडे पाहताना पराभवाची मीमांसा दोन टोकांस जाते. एक पक्ष म्हणतो, शत्रूची हत्यारे श्रेष्ठ होती. दुसरा म्हणतो, आपल्यांत एकी नव्हती. गोव्याच्या कारागिरांची कीर्ती, अकबराच्या कारखान्यातील नळ्या आणि अमात्यांची दारूखान्याविषयीची दक्षता पाहिली म्हणजे हत्यार घडविण्याची बुद्धी येथे कमी नव्हती, हे मान्य करावे लागते. उणीव होती ती एका कारागिराचे कौशल्य हजारांच्या हाती सारख्या प्रमाणात पोहोचविणाऱ्या व्यवस्थेची. उत्तम बंदूक ही त्या कारागिराबरोबर जन्मे आणि त्याच्याबरोबर मरे. तिचे माप कोणी लिहून ठेवीत नसे, आणि म्हणून दुसऱ्या गावी दुसऱ्या कारागिरास तीच बंदूक पुन्हा घडविता येत नसे. गोळी ओतण्याचा साचा प्रत्येकाचा निराळा आणि दारूची मूठही निराळी. समोरच्या बाजूस मात्र लंडनच्या कारखान्यात बनलेली गोळी मद्रासेच्या शिपायाच्या बंदुकीत बिनचूक बसे. तीन-चार इंच आखूड असलेल्या त्या नळीमागे ही सगळी व्यवस्था उभी होती, आणि लढाई तिने जिंकली.